आठ वर्षांची लेक, गुलमर्ग, स्कीइंगचा पहिला दिवस: नागपुरातून काय तयारी करून न्यावी?

स्नेहनगरची आई:

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही गुलमर्गला चाललोय. नवरा, मी आणि लेक. ती तिसरीत आहे. तिथे तिला स्कीइंगचे वर्ग लावायचं ठरवलंय, रोज सकाळी दोन तास. काश्मीरला जावं की नाही यावर घरी भरपूर बोलून झालंय, तिकिटंही निघाली आहेत, तेव्हा तो विषय इथे नको, ही विनंती.

मला विचारायचंय ते फक्त पहिल्या दिवसाबद्दल. पोरगी तशी चपळ आहे. सायकल चालवते, झाडावर चढते. पण नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी ती एकदम मुकी होते. पोहण्याच्या क्लासला पहिल्या दिवशी काठावरचा पाइप धरून बसली आणि सोडायलाच तयार होईना. तिथल्या सरांनी हात ओढून पाण्यात घेतलं. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यानंतर क्लासची वेळ झाली की हिच्या पोटात दुखायचं, आणि शेवटी क्लास सुटलाच. पोहणं तिला मनापासून हवं होतं, हे मला माहीत आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं. या वेळी तसं व्हायला नको. स्कीइंग आलं नाही तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून बूट घालायला बसावं.

बाकी माहिती: चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना. थंडी सोसत नाही, डिसेंबरात शाळेच्या व्हॅनमध्येही माकडटोपी लागते. सासूबाईंनी तिच्यासाठी जाड लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. नवऱ्याचं म्हणणं, स्पर्धांचे व्हिडिओ दाखवू, म्हणजे तिला हुरूप येईल. मला ते पटत नाहीये, पण नेमकं काय करावं तेही कळत नाही. कोणी मुलांना घेऊन गेलं असेल तर सांगा.

मनीषनगर_औली:

ताई, आम्ही मुलाला उत्तराखंडातल्या औलीला नेलं होतं, गढवाल मंडल विकास निगमच्या स्कीइंग कोर्सला. तेव्हा तो नऊचा होता. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून बंदच होता, म्हणून जोशीमठहून गाडीनं वर गेलो आणि त्या वळणांनी पोराला उलटी झाली. म्हणून पहिली गोष्ट सांगते, ज्या दिवशी पोचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग ठेवू नका.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्याही खाली आहे आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर. विमानानं दिल्ली, तिथून श्रीनगर, मग टॅक्सी, असं केलं तर एका दिवसात पोर एवढी उंची चढतं. अडीच हजार मीटरच्या वर काही जणांचं डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. मूल ते नीट सांगत नाही, नुसतं चिडचिडं होतं, आणि आपल्याला वाटतं वर्गाला घाबरतंय. एक रात्र श्रीनगरला काढा, नाहीतर गुलमर्गचा पहिला दिवस बर्फात लोळायला मोकळा ठेवा. पाणी सतत देत राहा, थंडीत पोरं पाणी मागतच नाहीत. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, तर वाट न पाहता खाली श्रीनगरला उतरायचं.

आणि बर्फात नुसतं खेळू द्या, खरंच. आमच्या पोराला बर्फात पाय रुततो, हे माहीतच नव्हतं. त्याला वाटलं होतं वरून चालता येईल.

कामठीचे सुभेदार:

ताई, मी गार्ड्स रेजिमेंटचा, आता निवृत्त, कामठीलाच घर केले आहे. गुलमर्गला आर्मीची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ साली ती स्की स्कूल म्हणूनच सुरू झाली. तिथे मी हिवाळी कोर्स केला आणि नंतर काही हिवाळे शिकवायच्या कामावर होतो. समोर येणारे जवान राजस्थानचे, तामिळनाडूचे, आपल्या विदर्भातले. जन्मात बर्फ पाहिला नाही असेच बहुतेक. पुढे नातवालाही मीच उभे केले. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वाचून घ्या.

पहिला दिवस भीतीने बिघडतो असे सगळ्यांना वाटते. मी पाहिले ते वेगळे आहे. पहिला दिवस बिघडतो पायाने. पाय दुखला, पाय गार पडला की माणूस मनाने तिथून निघून जातो, मग तो सहा फुटी गडी असो की तुमची लेक. भीती त्यानंतर येते. म्हणून तुमची अर्धी तयारी ही बुटाची तयारी समजा.

स्कीचा बूट म्हणजे बाहेर प्लास्टिकचे कडक कवच आणि आत मऊ लायनर. घोटा त्यात हलत नाही आणि नडगी थोडी पुढे झुकलेली राहते. पोट्ट्यांना तो पहिल्यांदा घातला की ती म्हणतात टोचते. आईबाप म्हणतात, भाऊ, एक नंबर मोठा द्या. दुकानवालाही देऊन टाकतो, कारण मोठा बूट घातला की पोट्टं लगेच गप्प बसते. पण मोठ्या बुटात टाच उचलते, पाय आत फिरतो. पोरीने पाय वळवला तरी स्की वळत नाही. मग कोणीतरी बकल करकचून आवळते, रक्त पोचत नाही, बोटे बधिर होतात. अर्ध्या तासात रडू. आणि घरचे म्हणतात, घाबरली.

बूट असा तपासा. लायनर बाहेर ओढून काढा. नुसत्या कवचात तिचा पाय घाला आणि बोटे पुढच्या भिंतीला टेकू द्या. आता टाचेमागे तुमचे बोट घाला. एक बोट आरामात गेले, दोन बोटे जेमतेम गेली, तर बूट बरोबर. त्याहून मोकळे असेल तर परत करा. मग लायनर घालून पाय आत, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची म्हणजे ती मागे बसते, आणि मगच बकल. सरळ उभी राहिली की अंगठा पुढे हलका लागला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की तो अंगठा मागे सरकतो. हे सरकणे तिला स्वतःला जाणवू द्या, तिलाच विचारा. बूट घालून दुकानातच दहा मिनिटे फिरू द्या. दुकानवाला घाई करेल, करू द्या.

नंबर घरूनच काढून न्या. हे बूट सेंटीमीटरच्या मापात असतात. कागदावर उभी करा, टाच भिंतीला, सगळ्यात लांब बोटापर्यंत माप घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा लिहून ठेवा. वजन आणि उंचीही खरी सांगा. पडल्यावर बुटापासून स्की सुटावी म्हणून जी पकड असते, तिची स्प्रिंग वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावतात. ती फार घट्ट राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघ्याला मार बसतो. ‘मागच्या मुलाचीच सेटिंग आहे, चालेल’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका, समोर लावून घ्या. स्कीची लांबी नवशिक्यांना छाती ते हनुवटीच्या मधे पुरते. काठ्या पहिल्या दिवशी नकोतच, हातात नुसता गुंता होतो.

आता आजीचे मोजे. ताई, बुटात एकच मोजा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, सुती नाही. जाड विणीचा मोजा बुटात घडी पडतो आणि ती घडी नडगीत रुतते. दोन मोजे घातले तर पाय जास्त गार पडतो, कारण दाबले गेले की रक्त फिरत नाही. थर्मलची कडही बुटाच्या वर ओढून घ्यायची. बुटात फक्त पाय आणि मोजा, तिसरे काही नाही. पण आजीला विणू द्या. हॉटेलवर परतल्यावर ओले पाय पुसून तेच मोजे घालायचे, आणि ते आधीच ठरवून पोरीला सांगायचे. वर्ग संपला की आजीचे मोजे. लहान मुलांना असा शेवट माहीत असला की मधला वेळ सोसतो.

अंगावरही तसेच. आपल्याकडे आत सुती बनियन घातल्याशिवाय पोराला कोणी बाहेर सोडत नाही. तिथे तो बनियन काढा. सूत घाम पिते आणि ओलेच राहते, थांबल्याबरोबर अंग गार. आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, मधे फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर, वर पाणी न शिरणारे जॅकेट आणि पॅन्ट. हातमोजे बोटांचे नको, चारही बोटे एकत्र राहतात ते मिटन घ्या, लहान हात त्यात जास्त गरम राहतो. एक जोडी जास्तीची ठेवा. मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो, त्याऐवजी गळ्यात घालायचा नेक वॉर्मर. हेल्मेटच्या आत माकडटोपी नको, हेल्मेट वर उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. वेणी एकच, मानेजवळ, सैल. क्लिपा नाहीत.

गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे गाडीभोवती येतात. फिरायला ते ठीक आहे. स्कीइंगला तो कोट घेऊ नका, पायात येतो आणि भिजून जड होतो.

उरलेले उद्या लिहितो. डोळ्यांवर ताण येऊन राहिला.

लक्ष्मीनगर_स्केटिंग:

काका, खूप छान सांगितलंत. मी इथे मुलांना स्केटिंग शिकवते, आमच्या काही मुली मनालीजवळच्या सोलंगला आणि गुलमर्गला जाऊन आल्या आहेत, त्यावरून थोडं लिहिते.

ताई, तुमची लेक स्केटिंग करत नाही हे एका अर्थानं बरंच आहे. स्केटिंगची मुलं तोल पटकन सांभाळतात, पण त्यांना पाय उचलून ढकलायची सवय असते आणि थांबायला ती टाचेचा ब्रेक शोधतात. स्कीवर दोन्ही पाय बर्फालाच टेकलेले ठेवायचे असतात. थांबायचं तर पुढची टोकं जवळ आणि टाचा बाहेर, म्हणजे पाचर होते. लहान मुलांना तिथले प्रशिक्षक याला ‘पिझ्झा’ म्हणतात आणि स्की सरळ समांतर ठेवून जायचं म्हणजे ‘फ्रेंच फ्राइज’. हे दोन शब्द आधीच तिच्या ओळखीचे करून ठेवा.

घरी सराव अगदी सोपा आहे. गुळगुळीत फरशीवर जुने मोजे घालून उभं करा. गुडघे वाकलेले, हात पुढे, ताट धरल्यासारखे. आता टाचा हळूहळू बाहेर सरकवायच्या, अंगठे आत. नडगीवर पुढे भार आला पाहिजे. घाबरलं की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होऊन ती हातची जाते, वेग वाढतो. म्हणून ‘हात पुढे’ हे एकच वाक्य सरावात म्हणा. हात पुढे गेले की अंग आपोआप पुढे येतं. दहा सूचना दिल्या तर तिला एकही आठवणार नाही.

आणि सेमिनरी हिल्सला जाऊन कुठल्याही गवताळ उतारावर आडवं चढायला लावा. उताराला बाजू करून, पायाची बाहेरची-आतली कड रोवत, एकेक पाऊल वर. पहिल्या दिवशी लिफ्ट बहुधा नसतेच, पोरं असंच चढतात आणि तिथेच दमतात.

स्नेहनगरची आई:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मोजे आणखी मोठे विणणार म्हणाल्या, खोलीत घालायचे तर सैल हवेत म्हणून. पायाचं माप घेतलं, डावा थोडा मोठा निघाला.

आता माझा खरा प्रश्न. पहिल्या दिवशी मी कुठे थांबू? जवळ थांबले तर ती माझ्याकडेच बघत राहील. निघून गेले तर पोहण्याच्या क्लाससारखं होईल, मला तेव्हाही गेटबाहेर थांबवलं होतं. आणि प्रशिक्षकाला काय सांगू? ‘घाबरते’ असं तिच्यासमोर म्हणायचं नाहीये.

कामठीचे सुभेदार:

ताई, आधी कालचे राहिलेले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते.

पडायला घरीच शिकवा. गादी टाका, बूट-मोजे काही नको. बाजूला पडायचे, कुल्ल्यावर, मागे नाही. हात मागे टेकवायचा नाही, मनगट जाते. पडल्यावर लगेच उठायची धडपड नाही. आधी दोन्ही पाय एकत्र करायचे, उताराला आडवे, अंगाच्या खालच्या बाजूला, मग हात टेकून उठायचे. पाय उताराच्या दिशेने राहिले तर उठता उठता घसरते, हे तिला करून दाखवा. आणि एक नक्की सांगा, पडल्यावर कधी कधी बुटापासून स्की सुटून बाजूला जाते, खटकन आवाज होतो. ती सुटायलाच बनवलेली आहे. हे माहीत नसले की मुलांना वाटते आपण काहीतरी मोडले, पाय मोडला, आता रागावतील. तेवढ्यावर रडलेली मुले मी पाहिली आहेत.

परत घालायची रीतही सांगून ठेवा. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ आधी झटकायचा, नाहीतर पकड बसत नाही. मग पुढचे टोक आत, मग टाच दाबायची. उतारावर असेल तर खालच्या बाजूची स्की आधी. हे आठ वर्षांच्या पोरीला जमते. आणि स्वतःची स्की स्वतः घातली की तिची मान वर होते, मी सांगतो.

व्हिडिओचे. साहेबांना म्हणा, स्पर्धेचे दाखवू नका. टंगमर्गकडचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेला, त्याच्याबद्दल पोरीला जरूर सांगा. तोही गुलमर्गला वडिलांच्या स्कीच्या दुकानाजवळ लहानपणीच शिकला. पण त्याचा वेग पाहून नवशिक्या पोराला वाटते, आपल्यालाही आजच असे करायचे आहे. चार-पाच वर्षांची पोरे सपाटीवर पडतात, उठतात, एका पायात स्की घालून सरकतात, असे काही मिळाले तर दाखवा. पहिल्या दिवशी तेच होणार आहे. गुलमर्गच्या गोल्फ कोर्सवर बर्फ पडला की तिथले हलके उतार नवशिक्यांचे. गोंडोला, म्हणजे डोंगरावर जाणारी केबल कार, दिसली की सगळ्यांना वर जायचे असते. बसून फिरायला पहिल्या टप्प्यापर्यंत जा, पण आफरवत डोंगराचा वरचा उतार नवशिक्यांचा नाही, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. कोणी गाइड म्हणाला की मी धरून आणतो, तरी नाही.

आता तुम्ही कुठे थांबायचे. दिसेल एवढ्या अंतरावर, पण चेहरा वाचता येणार नाही एवढ्या लांब. मुले पडल्यावर आधी आईचा चेहरा पाहतात आणि त्यावरून ठरवतात की लागले की नाही. जागा आदल्या दिवशी जाऊन दोघींनी मिळून ठरवा. त्या झाडाखाली, त्या खोपटाजवळ. जॅकेट उठून दिसणाऱ्या रंगाचे घाला आणि तिथून हलू नका. चहा प्यायलाही नाही. तिने मान वळवली आणि तुम्ही तिथे नसाल, तर पोहण्याच्या क्लासचा दिवस तिला आठवणार.

प्रशिक्षकाला आदल्या दिवशी एकटे गाठा. गुलमर्गची बहुतेक प्रशिक्षक मंडळी चांगली आहेत, पिढ्यान् पिढ्या हेच करतात, पण त्यांना सांगितल्याशिवाय कळणार कसे? घाबरते असे म्हणू नका. म्हणा, नवीन जागी ती बोलत नाही, गप्प असली म्हणजे ऐकत नाही असे नाही, तिला थोडा वेळ द्या. आणि हात धरून ओढायचे नाही, हे स्पष्ट सांगा, लाजू नका. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे का, लहान मुलांना शिकवले आहे का, विचारा. फी ठरवताना स्की-बूट धरून की सोडून, तेही.

मग तिघांनी मिळून एक खूण ठरवा. मिटन डोक्यावर ठेवला म्हणजे थांबा. बोलावे लागत नाही. मुकी होणाऱ्या मुलाला हेच हवे असते, न बोलता थांबवता आले पाहिजे. माझ्या नातवाने ती खूण पहिल्या तासाला सारखी वापरली, पाहत होता की खरंच थांबतात का. थांबले. नंतर विसरून गेला.

शेवटचे, आणि हे फार महत्त्वाचे. कपडे चढवायच्या आधी लघवी. एवढे थर, वर बूट, आणि तिथे टॉयलेट जवळ असेलच असे नाही. मुले लाजून सांगत नाहीत, दाबून धरतात, आणि मग घरी जायचे म्हणून हट्ट धरतात. आधी टॉयलेट, मग थर्मल, मग पॅन्ट, बूट सगळ्यात शेवटी. ‘मुझे बाथरूम जाना है’ हे नागपूरच्या पोरीला शिकवायला लागत नाही, पण अनोळखी माणसाला म्हणायची परवानगी तिला तुम्ही दिली पाहिजे.

मनीषनगर_औली:

काकांचं लघवीचं वाचून मी मान डोलावली. आमचा वर्ग त्याच्यामुळेच पहिल्या दिवशी अर्ध्यात सुटला होता.

खाण्याचं सांगते. सकाळी पोटभर, पण तेलकट नको. खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की लहान तुकडे करून, कागदात गुंडाळून ठेवा. थंडीत मोठा तुकडा दगडासारखा होतो, दात लागत नाही. मधल्या सुट्टीत कोमट पाणी.

धर्मपेठ_चष्मेवाला:

चष्म्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं चष्म्याचं दुकान आहे.

ताई, चष्म्यावरून घालता येणारे गॉगल वेगळे मिळतात, त्यांची फ्रेम खोल असते आणि कडेला चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते. विकत घ्या किंवा भाड्यानं, पण लेकीचा स्वतःचा चष्मा घालून तपासा. काड्या कानशिलाला दाबल्या तर दोन तासांत डोकं दुखेल. भिंग काचेचं असेल तर पॉलिकार्बोनेटचं बनवून घ्या, पडल्यावर फुटून इजा होत नाही. जुना चष्मा जास्तीचा म्हणून सोबत ठेवा. नंबर थोडा कमी असला तरी चालेल.

गॉगल कपाळावर चढवून ठेवायचा नाही, घामाची वाफ आत जमते. आतून धुकं आलं तर मिटननं पुसायचं नाही, आतला लेप खरवडला जातो. मऊ कापडानं टिपायचं.

आणि गॉगल ढगाळ दिवशीही हवाच. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उंचीवर दर हजार मीटरला ते किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. उघड्या डोळ्यांनी सकाळभर राहिलं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही. सनस्क्रीन लावताना हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा, ऊन खालून येतं. ओठांनाही काहीतरी लावा.

स्नेहनगरची आई:

आज सकाळी सहाला उठवून गच्चीवर सगळे कपडे घालून पाहिले. दुपारी घातले असते तर घामानंच निथळली असती. मिटन घालून जॅकेटची चेन ओढता येईना, म्हणून चेनला नाडीची मोठी गाठ बांधली, मग जमलं. तिनं स्वतःच खूण करून पाहिली, हात डोक्यावर ठेवून. मी लगेच थांबले. मग बाबा थांबतात का, ते पाहून आली. गादीवर पडायचं तर आता आजीलाही दाखवून झालंय.

नवऱ्यानं ऑलिंपिकचे व्हिडिओ बाजूला ठेवलेत. वर्ग पोचल्यानंतर एक दिवस सोडून ठेवलाय. प्रशिक्षकाशी फोनवर बोलले, हात ओढायचा नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘नहीं बहनजी, पहले दिन तो हम सिर्फ खेलते हैं।’ ऐकून फार बरं वाटलं.

एकच शंका राहिली. बर्फच नसला तर?

कामठीचे सुभेदार:

होते तसे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडे पडले होते, महिना संपत आला तेव्हा बर्फ आला. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, तेव्हा थंडी कडक असते, पण बर्फाची खात्री कोणी देत नाही. पोरीला आत्ताच सांगून ठेवा की बर्फ आला तर वर्ग, नाही आला तर घोड्यावर फेरी. आणि जोराचा बर्फ पडत असेल त्या सकाळीही वर्ग पुढे ढकला. पहिल्या दिवशी समोरचे दिसले पाहिजे.

ॲडव्हान्स पूर्ण देऊ नका. प्रवासाच्या विम्यात हिवाळी खेळ धरले आहेत का, पॉलिसीत वाचून घ्या, पुष्कळदा ते वगळलेले असतात.

मनीषनगर_औली:

आणि ताई, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून बूट घालायला बसावं असं म्हणालात ना, त्यासाठी पहिल्या रात्री लायनर वाळवा. भाड्याचा बूट शक्य तर खोलीवर न्या. लायनर ओढून काढायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे. बुखारी (खोली गरम करायची काश्मिरी शेगडी) किंवा हीटरच्या समोर, पण हातभर लांब. अगदी जवळ ठेवले तर आकसतात. मिटनही तसेच, तोंड खाली करून टांगायचे. सकाळी बूट घालायच्या आधी लायनर थोडा वेळ पोटाशी जॅकेटमध्ये धरा, गरम होतो. गार आणि ओल्या बुटात पाय घालायला कुठलंच मूल तयार होत नाही.